आण्णाच्या हॉटेलातली बोलणी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. आमचे तर ओहोटीमुळे जमले!

हसू नका. आमच्या वेळचं रेवस बंदर ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. ओहोटी लागली की खाडीतला चिखल वर यायचा आणि भाऊच्या धक्क्याहून आलेली लाँच लांबच उभी राहायची. मग होड्या, मग आरडाओरडा, नाहीतर सरळ पाणी चढेपर्यंत वाट बघत बसणं. वाट बघणारा माणूस दोनच कामं करतो. खातो, नाहीतर बोलतो. त्याच्या खाण्यावर आमची पोटं चालायची आणि बोलण्यातून हे सगळं साठत गेलं. आता ऐकायला तुम्हीच उरलात, म्हणून तुमच्या गळ्यात मारतोय.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाच्या या गोष्टी. मी धक्क्यावर सोडा विकायचो, गोळीच्या बाटलीतला. माझ्या शेजारी इब्राहिमचाचाचं पानाचं खोकं. पलीकडे गंगूमावशी कोळीण टोपली घेऊन बसायची. आणि आमच्या मागे माडाच्या झापांनी शाकारलेलं आण्णाचं हॉटेल.

माल म्हणाल तर सगळीकडे सारखाच. आण्णाच्या समोर पांडूचं हॉटेल होतं. दोघांचा चहा एकाच पुड्यातला, पाव एकाच भट्टीचा. मग गिऱ्हाइकानं कुठे जावं? तर ते मालाकडे बघून जायचं नाही, माणसाकडे बघून जायचं. ज्याची काही खोड, त्याचा धंदा! हल्ली हीच गोष्ट मोठमोठे लोक स्टेजवर उभं राहून शिकवतात म्हणे. आम्ही ती चिखलात उभं राहून शिकलो.

इब्राहिमचाचा कुठलं पान पाहिजे हे कधी विचारायचाच नाही. तोंडाकडे बघायचा आणि पान लावायला घ्यायचा. एकदा एक जण म्हणाला, "चाचा, मला साधं पान हवंय." चाचानं मान वर केली नाही. "मियाँ, साधा पान खुशीत असलेल्या मानसाला. तुमचा घरात भांडण झालाय. मीठा पान न्या, आनि एक बांधून न्या!" तो माणूस मुकाट्यानं दोन पानं घेऊन गेला.

गंगूमावशीची तऱ्हा उलटी. ती आपल्याच मासळीला नावं ठेवायची. "ती सुरमय घेव नको रं, कालची हाय." गिऱ्हाईक विचारायचं, "मग विकायला कशाला ठेवलीस मावशी?" मावशी म्हणायची, "ना ऐकनारे पन येतात ना!" पण तिनं "घे" म्हटलेली मासळी लोक डोळे मिटून घ्यायचे.

आणि आण्णा? आण्णा गिऱ्हाइकांना बोलायचा. म्हणजे गप्पा नव्हे हो, बोलणी! चहाबरोबर फुकट. त्यासाठी लोक मुंबईहून यायचे. दिवसभर हॉटेल भरून वाहायचं, आणि आण्णाला मात्र त्यातलं एकही माणूस आपलं नव्हतं. बायको गेलेली, मूलबाळ नाही. त्याला घरात एक माणूस हवं होतं. एवढी गिऱ्हाइकं आली आणि ते एक माणूस काही येईना, हीच या सगळ्या किश्शांची गोष्ट आहे.

*

आण्णा मुळात अबोल होता, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही.

हॉटेल चालवायची त्याची बायको. चहा तिचा, गप्पा तिच्या, ओळखी तिच्या. आण्णा मागे बसून कपबश्या विसळायचा. ती गेली आणि हॉटेल एकदम गप्प झालं. लोक समोर पांडूकडे जायला लागले. मयताच्या घरासारख्या हॉटेलात बसून भजी कोण खाणार?

अशात एक दिवस मुंबईचे एक साहेब आले. कडक इस्त्री, झुबकेदार मिश्या. चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "अहो, चहा फार पातळ आहे तुमचा."

आण्णा कपबश्या विसळत राहिला. साहेब पुन्हा म्हणाले, "पातळ आहे!"

आणि इतके महिने आत दाबून ठेवलेलं काय होतं कोण जाणे, आण्णा एकदम फुटला. "पातल हाय? मंग दोन घ्या, म्हंजे एक व्हईल! आनि ह्या मिश्या बुडवून पितांव तर पातलच लागंल! अर्दा चा तर मिश्याच पितात!"

सगळे कप खाली ठेवून बघायला लागले. मला वाटलं, आता आण्णाच्या थोबाडीत बसणार. साहेब लाल झाले. मग त्यांच्या मिश्या हलायला लागल्या आणि ते असे हसले, असे हसले की कप कलंडला!

पुढच्या शनिवारी साहेब ऑफिसातली सगळी मंडळी घेऊन हजर. "आण्णा, यांनाही काहीतरी बोला ना!" त्याच्या पुढच्या शनिवारी त्या मंडळींची मंडळी. सुट्टीला अलिबागला निघालेले लोक चार पावलं वाकडी करून आण्णाकडे येऊ लागले. "चला, बोलणी खाऊन येऊ!"

आण्णा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाल्या, ह्या लोकांना घरी कोनी रागं भरत न्हाय का रं?"

मी म्हटलं, "भरत असतील. पन वर चा देत नसतील!"

*

आता माझं ऐका. माझ्यात वेगळं असं काहीच नव्हतं. मी बाटली फोडायचो, सोडा द्यायचो, बाटली परत घ्यायचो. चाचा म्हणायचा, "अरे बाल्या, तुझ्यात काही तरी खासियत पाहिजे. गिऱ्हाईक तुला विसरतो!"

मला ते लागलं. आई सोडली तर मला ओळखणारं तरी कोण होतं? मी मुंबईला गेलो आणि जुन्या बाजारातून एक खाकी हॅट घेऊन आलो. ऐटीत घातली आणि धक्क्यावर उभा राहिलो. म्हटलं, आता बघू कोण विसरतं ते!

पाणी चढलेलं होतं. लाँच थेट धक्क्याला लागली, माणसं उतरायला लागली आणि माझ्याकडे बघून एकेक जण थबकायला लागला. एक धोतरवाले गृहस्थ उतरता उतरता परत लाँचवर चढले. एका म्हातारीनं डोक्यावरची घागर काढली आणि सगळी खाडीत ओतून दिली. दोघांनी पिशव्याच पाण्यात सोडल्या. मला काही कळेना. त्या दिवशी सोड्याची एक बाटली खपली नाही.

दारूबंदीचे दिवस होते ते! मला सगळे दारूबंदीचा अंमलदार समजले होते.

गंगूमावशी पोट धरधरून हसत म्हणाली, "मेल्या, सोडा इकतंस आनि दारूबंदीवाल्यासारा दिसतंस? तुजा सोडा घेल कोन!"

हॅट मी चाचाला दिली. तो तीत सुपारी ठेवायचा.

*

आण्णाचा जम बसलेला बघून समोरच्या पांडूच्या पोटात दुखायला लागलं. त्यानं बरेच दिवस कान देऊन आण्णाची बोलणी ऐकली, पाठ केली आणि एका सकाळी स्वतःच्या हॉटेलात सुरू केली.

पहिलंच गिऱ्हाईक मिळालं ते अलिबागचे एक वकील. त्यांनी भजी मागवली. पांडू कमरेवर हात ठेवून म्हणाला, "भजी पायजेत? पोट बगा आदी! आता भजी जायाला जागा कुटं हाय तितं!"

हेच वाक्य आण्णा महिनाभर बोलत होता आणि लोक टाळ्या देत होते. वकीलसाहेबांनी मात्र भज्यांचं ताट उचललं आणि पांडूच्या डोक्यावर पालथं केलं. गरम होती हो!

संध्याकाळी पांडू डोक्याला खोबरेल लावून आण्णाकडे आला. रडकुंडीलाच आला होता बिचारा. "आण्णा, मी तुजेच शबूद बोललो! एक पन इकडचा तिकडं केला न्हाय!"

आण्णा कप पुसत होता. म्हणाला, "शबूद माजेच व्हते पांडू. राग तुजा व्हता."

*

पण या धंद्यात एक गोम होती, आणि ती आम्हाला दुधावरून कळली.

उन्हाळ्याचे दिवस. सकाळचं दूध नासलं. आण्णाच्या लक्षात आलं तेव्हा चार-पाच कप वाटून झालेले. आण्णा चुलीपासून ओरडत धावला, "पिव नका! ठेवा खाली कप! दूध नासलाय!"

झालं! हॉटेलात हशा. एक जण दुसऱ्याला कोपर मारून म्हणाला, "बघ, सुरू झाला!" आणि सगळ्यांनी चहा घटाघट पिऊन टाकला.

"अरे पिव नका म्हनतो ना!"

"आण्णा, आणखी एकेक कप!"

आण्णा कपाळाला हात लावून उभा राहिला. जाताना एक गिऱ्हाईक मला सांगून गेलं, "आज चहा जरा आंबट होता बुवा. पण बोलणी एकदम फस्क्लास!"

आम्ही तिघं कितीतरी दिवस हे सांगून हसत होतो. आण्णा हसला नव्हता. तो म्हणाला होता, "आता खराच सांगायचा झाला, तर सांगू कसा?" तेव्हा आम्ही ते कानाआड केलं.

*

त्याच्या बायकोचं वर्षाचं श्राद्ध आलं. आण्णानं सकाळीच हॉटेलचं दार लोटलं, आत भात, वडे, तिला आवडायची म्हणून अळूची भाजी केली. कावळ्याचं पान वाढून मागच्या पडवीच्या झापांवर ठेवलं.

तेवढ्यात धक्क्यावर मुंबईची मंडळी उतरली. रविवार होता. आण्णा दारात उभा राहिला. "आज हाटेल बंद हाय. जावा."

"वा! आज नवीन!"

"अवो, खराच बंद हाय. सराध हाय आज."

"कुणाचं? आमचं का?" असं म्हणून एक जण त्याच्या बगलेखालून आत शिरला. त्याच्या मागून दुसरा. बघता बघता बाकडी भरली. मी सोड्याच्या खोक्यापासून सगळं बघत होतो. मला वाटलं, आता आण्णा खरा भडकणार. पण भडकून तरी काय झालं असतं? टाळ्याच पडल्या असत्या! तो निमूट आत गेला आणि त्यानं चहा टाकला. वर दोन-चार टोलेही हाणले. सवय ती.

गर्दी ओसरल्यावर मी मागच्या बाजूला गेलो. आण्णा झापांवरच्या पानाकडे बघत उभा होता. पानाला कावळा शिवला नव्हता. आणि सबंध धक्क्याला खडसावणारा तो माणूस हात जोडून म्हणत होता, "ये ना गो. रागावलीस? ये ना."

त्या आवाजात आण्णा बोलू शकतो हे मला माहीतच नव्हतं. मी तिथून निघणार होतो, पण त्यानं मला पाहिलं.

मग पायरीवर बसून तो म्हणाला, "बाल्या, दिसभर येवडी मानसा येतात. अलिबागची शेवटची मोटार गेली का कोनी न्हाय. मी चुलीजवल उबा राहूनच जेवतो. बसून जेवायचा तर समोर कोनी तरी लागतं."

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "मी येत जाऊ का जेवायला?"

आण्णानं माझ्याकडे नीट बघितलं. "तू? तुज्यापरीस कावला बरा!"

आणि तेवढ्यात खरोखरच कावळा आला!

*

पावसाळ्यात लाँच बंद. नारळी पौर्णिमा होईपर्यंत बंदर ओस. चाचा घरी जाऊन बसायचा, मावशी सुकी मासळी घेऊन नागाव-चौलकडची गावं फिरायची, मी भाताच्या लावणीला जायचो. आण्णा कुठे जाणार? हॉटेल हेच त्याचं घर.

एकदा मी माझी खोकी भिजली का बघायला धक्क्यावर गेलो. चिटपाखरू नव्हतं. आणि आण्णाच्या हॉटेलातून आवाज आला, "जरा सरकून बसाया काय व्हतं? बाकडा काय तुमच्या आज्यानं केलाय? आनि मिश्या आवरा त्या!"

मी चाटच पडलो. अशा पावसात गिऱ्हाईक? वाकून बघितलं तर बाकड्यावर एक मांजर बसलेली.

आण्णा जरा ओशाळला. "तालीम करतो. पावसालाभर बोललो न्हाय तर तोंड गंजंल."

मी म्हटलं, "मग? मांजर काय म्हनतेय?"

"काय न्हाय." आण्णानं तिच्यासमोर बशीत दूध ओतलं. "पन ती हसत न्हाय रं. तेवडाच बरा वाटतो."

*

हे मी गंगूमावशीला सांगितलं आणि मावशीनं पदर खोचला. आमच्यात पाट लावायची चाल होती, म्हणजे विधवा बाईनं दुसरं घर करण्यात कोणाची आडकाठी नव्हती. मावशी दारोदार हिंडणारी. कुठल्या घरात कोण एकटं आहे हे तिला ठाऊक.

नागावला एक विधवा बाई होती, भावाकडे राहायची. मावशीनं भावाच्या कानावर घातलं. भाऊ म्हणाला, "मी बेस्तरवारी येऊन मानूस बघून जातो. पन त्याला सांगू नको मी कोन ते."

मावशीनं येऊन आम्हाला सांगितलं आणि मी, शहाणा, धावत आण्णाकडे गेलो! "आण्णा, गुरवारी तुला बघायला येनार हायत!"

आण्णाचं तोंड पडलं. "कोन? कसा वलखायचा?"

"ते मावशी सांगायची न्हाय. तू आपला दिसभर सगल्यांशी गोड बोल!"

गुरुवार उजाडला. आण्णानं धुतलेला सदरा घातला, दाढी केली. पहिलं गिऱ्हाईक आलं, आमचा रोजचाच एक हमाल. आण्णा हात जोडून म्हणाला, "या, बसा. बरे हाव ना? चा गरम देव का?"

हमालानं मागे वळून बघितलं, मागे कोणी आहे का. कोणी नव्हतं. तो उठला आणि चहा न पिताच बाहेर आला. मला विचारतो, "बाल्या, कोन वारलं?"

लाँचचा तांडेल आला. आण्णानं त्याला विचारलं, "साखर बराबर हाय ना?" तांडेलानं कप खाली ठेवला आणि आण्णाच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मुंबईच्या मंडळींनी तर हॉटेल विकलं गेलं असं ठरवूनच टाकलं. एक जण भज्यांचा वास घेऊन बघत होता. म्हणाला, "एवढं गोड बोलतोय म्हणजे यात काहीतरी असणार!" दुपारपर्यंत हॉटेल रिकामं. समोर पांडूकडे बसायला जागा नव्हती.

आण्णा मात्र हटला नाही. दिवसभर गोड बोलत राहिला. त्या दिवशी त्याच्याइतका एकटा माणूस मी पाहिला नाही.

संध्याकाळी मावशी आली. तोंड उतरलेलं. भाऊ सकाळीच येऊन चहा पिऊन गेला होता.

"काय म्हनला?"

"म्हनला, तू सांगितलीस का मानूस तोंडानं फाटका हाय पन मनानं बरा, म्हनून मी आलू. ह्यो तर गूलच गूल! आमचा पयला मेवना असाच गोड बोलायचा. गोड बोलून बोलून घर धुवून नेला आनि मंग मेला. परत गोडबोल्याला भईन देनार न्हाय!"

मी खाली मान घातली. चाचानं न विचारता आण्णासाठी एक पान लावलं. कुठलं लावलं ते मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आण्णा पुन्हा पहिल्यासारखा ओरडायला लागला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. धंदा दुप्पट झाला.

*

आणि आता हा शेवटचा किस्सा.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यातली गोष्ट. भरती होती, लाँच वेळेवर येणार होती, हॉटेल गच्च भरलेलं. अलिबागकडून मोटार आली, तिच्यातून माणसं उतरली. गंगूमावशीनं एकदम माझा दंड धरला.

"बाल्या, ती बग. नागावची. तीच!"

अंगानं बारीक बाई, हातात बोचकं. मुंबईला धाकट्या भावाकडे निघाली होती. त्याची पोरं सांभाळायला, कायमची. ती लाँचच्या रांगेकडे गेली नाही. थोडा वेळ हॉटेलाच्या दाराशी उभी राहिली, आतली बोलणी ऐकली आणि आत जाऊन कडेच्या बाकड्यावर बसली.

मी उठलो. आण्णाला सांगायला नको? मावशीनं मला खाली बसवलं. "मागं तूच सांगितलंस ना? काय झाला? बस गप!"

आण्णाला काहीच माहीत नव्हतं. तो नेहमीच्या रंगात होता. याला टोला, त्याला टोला, हशा चाललेला. बाईच्या पुढ्यात त्यानं चहा ठेवला. ती प्यायली नाही. दोन्ही हातांत कप धरून बसून राहिली.

आण्णाची नजर गेली. लोकांना कळलंच, आता बाईची पाळी. सगळे वळून बसले.

"काय गो बाय?" आण्णा तिथूनच ओरडला. "चा प्याला घेतलाय का शेकाला? फुकून द्याला घरी कोनी न्हाय वाटतं!"

हशा झाला. बाई हसली नाही. रागावलीही नाही. तिनं मान वर केली आणि कोणी साधं काही विचारावं आणि आपण साधं सांगावं तसं म्हणाली, "न्हाय कोनी."

हशा जरा अडखळला.

मग तिनं विचारलं, "तुमच्या घरी हाय?"

आण्णाच्या हातात किटली होती. तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या जिभेवर काहीतरी तयार असणार, नेहमीच असायचं. आम्ही तिघं दारातून बघत होतो. आण्णा म्हणाला, "न्हाय."

आणि हॉटेल फुटलं! लोकांनी बाकडी बडवली. एकाच्या नाकातून चहा आला. "वा बाई! आज आण्णाची जिरवली!" त्या हॉटेलात तेवढा हशा ना आधी कधी झाला होता, ना नंतर झाला.

ते दोघं मात्र हसत नव्हते.

तेवढ्यात लाँचचा भोंगा झाला. एकच धांदल. पिशव्या, पोरं, टोपल्या. हसत हसतच सगळे धक्क्याकडे पळाले. मलाही जावं लागलं, लाँचवर माझी खोकी चढवायची होती. परत आलो तोवर धक्का मोकळा झाला होता आणि लाँच खाडीत वळत होती.

हॉटेलात ती एकटीच बसलेली. बोचकं पायाशी. आण्णा किटली घेऊन तसाच उभा, जिथे मगाशी होता तिथेच.

"अगो बाय!" आण्णानं लाँचकडे हात केला. आवाज नेहमीचाच, चढा, पण आता ऐकायला कोणी नव्हतं. "लाँच गेली तुजी! आता दुसरी सकालीच हाय!"

बाईनं चहाचा पहिला घोट घेतला.

"ठाव हाय मना," ती म्हणाली.